बोलता येत नाही, असं लिहून द्या

शुक्रवारी इथे कुवेतमध्ये, एगैलाला कुणाच्या तरी घरी आमची जेवणं उरकली की कुणीतरी हमखास म्हणतं, "हं, क्लिनिकमधलं सांग काहीतरी." आमच्या ग्रुपमध्ये बहुतेक सगळे बँकेत, आयटीत नाहीतर अकाउंट्समध्ये आहेत. त्यांच्याकडेही किस्से असतात, पण ते ऐकताना निम्म्या लोकांचं लक्ष मोबाइलकडे जातं. माझ्या किश्श्यांना तसं होत नाही. मी स्पीच थेरपिस्ट आहे, कान तपासायचं कामही माझ्याकडेच असतं. फहाहीलच्या आमच्या क्लिनिकमध्ये ज्यांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही, किंवा आधी येत होतं आणि मग गेलं, अशी माणसं माझ्या खोलीत येऊन बसतात. गंमत अशी, की न बोलणाऱ्या माणसांचेच किस्से सगळ्यात जास्त साठतात.

गेली काही वर्षं त्यात एका वेगळ्याच प्रकारच्या किश्श्यांची भर पडली आहे. कुवेतचं नागरिकत्व आपल्याला मिळणार नाही, हे इथे येणारा प्रत्येक जण विमानात बसायच्या आधीपासून जाणून असतो. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आहे तोवर राहायचं, संपला की निघायचं. मग माणसं इथे पंधरा-वीस वर्षं काढतात आणि पुढे कॅनडा, इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेला जातात. तिथे नागरिक व्हायचं तर तिथली भाषा येते हे दाखवावं लागतं. आजारपणामुळे कुणाला ते शक्यच नसेल, तर बऱ्याच देशांत वैद्यकीय कारणावरून सूट मागता येते. निर्णय तिकडचे डॉक्टर आणि तिकडचं ऑफिस घेतं, पण आजार सुरू झालेला असतो कुवेतमध्ये. त्यामुळे जुना रिपोर्ट मागायला लोक आमच्याकडे येतात.

अशा वेळी आमच्या क्लिनिकमध्ये तिघांना काम लागतं. एक मी. दुसरे डॉक्टर सामी, आमचे इजिप्तचे न्यूरॉलॉजिस्ट. तिसरी रिसेप्शनवरची नफीसा. ती दापोलीची. डॉक्टरांशी अरबीत, पेशंटशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोलते, आणि तिघांनाही सारख्याच अधिकाराने गप्प बसवते.

माणसं खरी आहेत. नावं आणि गावं मी बदलली आहेत.

*

एक गृहस्थ आले, बरोबर बायको. गृहस्थ इथे एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बायको-मुलं कॅनडात आणि नवरा पगारासाठी कुवेतमध्ये, अशी बरीच कुटुंबं इथे आहेत, त्यातलंच हे एक. मुलांना सुट्टी लागली म्हणून बायको महिनाभर कुवेतला आली होती.

गृहस्थ खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले. "मॅडम, हिचा नागरिकत्वाचा अर्ज भरायचाय. प्रॉब्लेम इंग्रजीचा आहे. हिला भाषा या विषयाचंच टेन्शन येतं. हात थरथरतात. लहानपणापासून आहे. तर तुम्ही मेडिकलमध्ये काहीतरी बसवून द्या."

मी म्हटलं, "बसवून देता येत नाही. तपासावं लागतं."

"तपासा ना. पण ती बोलणार नाही, मीच सांगतो सगळं."

बाई शांतपणे भिंतीवरचा कानाचा तक्ता बघत होत्या. चेहऱ्यावर टेन्शन म्हणावं असं काही दिसेना. मी गृहस्थांना बाहेर बसायला सांगितलं. ते नाराज होऊन उठले, दारातून पुन्हा वळले आणि म्हणाले, "तिला सोपं-सोपं विचारा."

दार लागलं. मी इंग्रजीतच विचारलं, तुम्हाला नक्की काय त्रास होतो?

बाईंनी उत्तरही इंग्रजीत दिलं, अगदी स्वच्छ. त्रास काही नाही. भाषेचं सर्टिफिकेट मागच्या वर्षीच मिळालंय. मुलांच्या शाळेजवळच्या सेंटरमध्ये त्या वर्षभर क्लासला जात होत्या. आता तिथल्याच वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस कामाला जातात.

मी विचारलं, "मग यांना सांगितलं का नाही?"

त्या मराठीत आल्या. "हे रोज संध्याकाळी फोन करतात. शिकतेय म्हटलं असतं तर त्या फोनवर माझी परीक्षा घेतली असती. आमचं बोलणंच बंद झालं असतं."

"पण आता तरी सांगायला हवं."

"सांगणारच होते. पण इथे यायच्या आधी त्यांनी तुमची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. म्हटलं, इतक्या हौसेने घेतलीय तर जाऊन येऊ."

मी गृहस्थांना आत बोलावलं. बाई त्यांना काय म्हणाल्या ते मी सांगत नाही, तो त्यांचा प्रश्न. पण जाताना ते नफीसाच्या काउंटरपाशी थांबले आणि म्हणाले, "माझं बीपी तपासता येईल का?"

*

हसनचाचा रत्नागिरीकडचे. फहाहीलच्या जुन्या बाजारात त्यांनी उभं आयुष्य शिवणकाम केलं. मुलगा इंग्लंडला, मुलगी इथेच. मुलाने त्यांना तिकडे नेलं आणि काही वर्षांनी नागरिकत्वाचा विषय निघाला. भाषेच्या परीक्षेत समोरच्याचं ऐकून उत्तर द्यायचं असतं. चाचांना ऐकू कमी येतं हे सगळ्या घराला माहीत होतं. माझ्याकडेही त्यांची जुनी तपासणी होती. लेकीला भेटायला आले होते, तेव्हा ती त्यांना ताज्या तपासणीसाठी घेऊन आली.

कानाची तपासणी साधी असते. पेशंटला बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेच्या पलीकडे मशीनवर बसते आणि आवाज हळूहळू कमी करत नेते.

चाचांनी सगळी बटणं दाबली. मोठ्या आवाजाला, बारीक आवाजाला. इतक्या बारीक आवाजाला की तो मलाही ऐकू आला नसता. निघालेला आलेख विशीतल्या पोराला शोभला असता.

लेकीचा चेहरा उतरला. "मॅडम, घरी टीव्हीचा आवाज बिल्डिंगच्या खाली ऐकू येतो हो."

मला शंका आली. मी पुन्हा तपासणी सुरू केली, आणि या वेळी आवाजच सोडला नाही. नुसती मशीनवर हात ठेवून चाचांकडे बघत बसले. चाचांनी बटण दाबलं. मला बघून छान हसले आणि पुन्हा दाबलं.

मी नफीसाला बोलावलं. ती त्यांच्या कानाशी वाकून त्यांच्या बोलीत मोठ्याने विचारून आली आणि हसू दाबत मला म्हणाली, "ताई, ते म्हणतात, ती बाय एवढी आशेने काचेतून बघतेय, तिला नाही कसं म्हणायचं? म्हणून दाबत होते."

मग मी त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली. मी दिसेनाशी झाले आणि बटण थांबलं ते थांबलंच. दोन्ही कान जवळजवळ गेलेले होते. मोठ्या आवाजाला तेवढं एखाद्या वेळी दाबलं जायचं.

रिपोर्ट दिला. तिकडच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, त्यांचंही तेच मत पडलं. काही महिन्यांनी सूट मिळाल्याचं लेकीने कळवलं. मुलाने मग त्यांना चांगली कानाची मशीनं बसवून दिली. एके दिवशी चाचांचा स्वतःचा फोन आला. आवाजात इतका आनंद की मलाच बरं वाटलं.

"बाय, आता इंग्रजी सगळं ऐकू येतं."

"वा, चाचा."

"समजत काय नाय. पण ऐकू येतं."

*

संतोष नांदेडचा. शुवैखला गाड्यांच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर होता, तेव्हापासून माझ्या ओळखीचा. तो अडखळत बोलतो. आपण तोतरा म्हणतो तसं. लग्न ठरायच्या वेळी तो माझ्याकडे बरेच दिवस येत होता. पुढे त्याची बायको नर्स म्हणून जर्मनीला गेली आणि मागून तोही गेला. तिथे आता त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करायचा होता आणि तोंडी परीक्षेची त्याला धास्ती होती. भावाला भेटायला कुवेतला आला, तेव्हा माझ्याकडे आला.

त्याचं म्हणणं होतं, सूट मिळत असेल तर हवी. एका वाक्यापाशी तो इतका वेळ थांबला की मला त्याला पाणी द्यावंसं वाटलं. जर्मन त्याला चांगलं येत होतं. लिहून दाखवलं त्याने. पण बोलताना मराठीत अडायचा, हिंदीत अडायचा आणि जर्मनमध्ये तर त्याच्या म्हणण्याप्रमाणे दारातच उभा राहायचा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. जुना कुवेती गिऱ्हाईक. संतोष कुवेतला आलाय हे त्याला कुठून तरी कळलं होतं आणि त्याला कसल्या तरी गाडीचा रेडिएटर हवा होता. संतोष अरबीत सुरू झाला. नमस्कार, घरच्यांची चौकशी, गाडीचं मॉडेल, कुठल्या गल्लीत मिळेल, कुणाचं नाव सांगायचं. मधेच भांडला. मधेच हसला. कुठेही अडला नाही. एकदाही नाही.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "हं, तर मॅडम, मी म... म... मी म्हणत होतो..."

इतकी वर्षं माझ्याकडे येत होता, पण मी त्याचं अरबी कधी ऐकलंच नव्हतं. मी विचारलं, "संतोष, अरबीत कधीच अडत नाही?"

 त्यालाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. "न... नाही. अरबी मी दुकानातच शिकलो. तिथं मला कुणी हसलं नाही. गि... गिऱ्हाईकाला पार्ट पाहिजे असतो, माझ्याकडं कोण बघतंय?"

असं होतं. एका भाषेत अडणारा माणूस दुसरीत मोकळा होतो. का, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. मी हे त्याला समजावून सांगत होते. मधेच तो गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, म्हणजे अरबीत परीक्षा घेऊन ना... नागरिकत्व देणारा देश शोधला पाहिजे."

मी म्हटलं, "अरबी देशात तर तू बसलाच आहेस. नागरिकत्व तेवढं मिळत नाही."

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. आम्ही दोघं इतके हसलो की नफीसा दार उघडून बघून गेली.

पूर्ण सूट मिळण्यासारखी त्याची परिस्थिती नव्हती आणि मी तसं त्याला स्पष्ट सांगितलं. अडखळण्याचा जुना इतिहास मात्र लिहून दिला. त्यावरून त्याला बोलायला जास्तीचा वेळ मिळाला. मी त्याला एवढंच सांगितलं होतं, परीक्षकाला गिऱ्हाईक समज. पास झाल्यावर त्याचा मेसेज आला. परीक्षक निघताना त्याला म्हणाल्या होत्या, तुम्ही फार आपुलकीने बोलता, दुकानात काम केलंय का कधी?

*

डॉक्टर सामींचा एक छोटासा.

ते संगणकाला हात लावत नाहीत. रिपोर्ट हाताने लिहितात, मग नफीसा तो टाइप करते. एकदा नफीसा गावी गेली होती आणि एका पेशंटच्या मुलाला फार घाई होती. डॉक्टरांनी लिहिलेला कागद तसाच शिक्का मारून त्याच्या हवाली केला गेला. तिकडच्या ऑफिसकडून उत्तर आलं, अत्यंत सभ्य भाषेत. रिपोर्ट मिळाला, आभारी आहोत, पण आम्हाला अरबी वाचता येत नसल्याने कृपया इंग्रजी भाषांतर जोडावं.

रिपोर्ट इंग्रजीतच होता.

डॉक्टरांना मी ते उत्तर दाखवलं. त्यांनी स्वतःचा कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "तुला नक्की माहीत आहे, हे अरबी नाही?"

*

जोगळेकर बाईंचं सांगताना मला अजून जरा थांबावं लागतं.

बाई इथल्या एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवायच्या. कुवेतमध्ये वाढलेल्या मराठी मुलांच्या एका अख्ख्या पिढीला त्यांनी स्पेलिंगं पाठ करायला लावली आहेत. माझी मुलगीही त्यात होती. बाईंना ती घाबरायची आणि वाढदिवसाला पहिलं चॉकलेट त्यांनाच न्यायची.

साठीच्या आतच बाई विसरायला लागल्या. आधी नावं, मग दिवस, मग रस्ते. डॉक्टर सामींनी निदान केलं, स्मृतिभ्रंश. शाळा सुटली. मुलगी ऑस्ट्रेलियाला असते, ती बाईंना घेऊन गेली. तिथे नागरिकत्वाची परीक्षा असते, सगळी इंग्रजीत. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईंना आता साधा प्रश्न विचारला तरी उत्तराच्या निम्म्या वाटेवर त्या प्रश्न विसरायच्या. सूट मागण्याखेरीज मार्ग नव्हता. आजार कसा सुरू झाला, बोलण्यावर कसकसा परिणाम होत गेला, याचा रिपोर्ट आमच्याकडून हवा होता. बाईंचा मुलगा इथेच राहतो, त्याच्याकडे मायलेकी राहायला आल्या, तेव्हा मुलगी त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन आली.

बाईंनी मला ओळखलं नाही. मी माझ्या मुलीचं नाव सांगितलं. त्या छान हसल्या आणि म्हणाल्या, "हो का?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "हो का?"

मी जे काय तपासायचं ते तपासलं. चित्रं दाखवली. पेला, छत्री, किल्ली. किल्लीला त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग सगळं लिहून काढलं, छापलं आणि मुलीला वाचायला दिलं. रिपोर्टमध्ये असं होतं, की पेशंटला इंग्रजीत संभाषण करणं, सूचना समजून घेणं आणि परीक्षा देणं आता शक्य नाही. मुलीने शेवटपर्यंत वाचलं आणि खिडकीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

बाईंनी तिच्या हातातून कागद काढून घेतला. त्यावरून बोट फिरवत गेल्या. मग माझ्या टेबलावर काहीतरी शोधू लागल्या. मला वाटलं पाणी हवंय. त्यांनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला, रिपोर्टच्या मधोमध एक शब्द गोल केला आणि समासात टिंब दिलं.

मी वाकून पाहिलं. 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगमध्ये माझे आय आणि ई उलटे पडले होते.

मुलगी रडता-रडता हसायला लागली. मी डॉक्टर सामींकडे कागद घेऊन गेले. म्हटलं, आता हा रिपोर्ट पाठवायचा कसा? पेशंटला इंग्रजी जमत नाही असं मी लिहिलंय आणि पेशंटनेच ते तपासून दिलंय. डॉक्टर म्हणाले, "मग तेही लिही. बोलता येत नाही हे खरं. चूक कळते हेही खरं. दोन्ही लिही."

मी दोन्ही लिहिलं, आणि पुढे तो रिपोर्ट तिकडे मान्यही झाला. पण तो नंतरचा भाग. त्या दिवशी मी नवीन प्रत काढून आणली, तेव्हा बाई जायला उठल्या होत्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी उभ्यानेच वाचला, बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहत कडक आवाजात विचारलं, "कोणत्या वर्गातली तू?"

*

शेवटचा माने काकांचा. हा मी नेहमी शेवटीच सांगते, कारण याच्यानंतर दुसरं काही सांगता येत नाही.

माने काका कराडकडचे. अहमदीच्या बाजूला तेलाच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे, राहायला फहाहीललाच. स्वभावाने अबोल. काकू म्हणायच्या, "लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा हे मांडवाच्या मागे जाऊन उभे राहिले." अशा माणसाला कामावर असतानाच अर्धांगाचा झटका आला. उजवा हात काही महिन्यांत परत आला, पण बोलणं गेलं ते गेलं. एकच शब्द उरला, 'चला'. पाणी हवं तरी 'चला', नको तरी 'चला'. स्वतःचं नाव विचारलं तरी डोळ्यांत पाणी आणून 'चला'.

मी त्यांच्याबरोबर खूप प्रयत्न केले. काही पेशंटना बोलता येत नाही, पण गाता येतं. जुनी चाल सुरू केली की शब्द आपोआप येतात. त्या आधाराने पुढे थोडंफार बोलणंही परत आणता येतं. म्हणून मी काकूंना विचारलं, यांना कोणतं गाणं आवडतं? काकू म्हणाल्या, "यांना मी कधी गुणगुणतानासुद्धा ऐकलं नाही." तरी मी शाळेतली प्रार्थना सुरू केली, आरती सुरू केली, सिनेमाची गाणी म्हटली. नफीसालाही बोलावून आणलं, तिचा गळा चांगला आहे. माने काका ओठ घट्ट मिटून, लाजून, जमिनीकडे बघत बसायचे. शेवटी मी तो नाद सोडला.

त्यांचा मुलगा अमेरिकेत. तो त्यांना दोघांनाही घेऊन गेला. सुरुवातीला काकू अधूनमधून फोन करायच्या. तब्येत बरी आहे, चालतात, जेवतात, बोलणं तेवढंच. पाच-सहा वर्षांनी नागरिकत्वाचा विषय आला, तेव्हा मुलाने जुने रिपोर्ट मागवले. तिकडच्या डॉक्टरांनी स्वतः तपासलं आणि इंग्रजीच्या परीक्षेतून काकांना सूट मिळाली. काकूंनी मात्र परीक्षा दिली. पास झाल्या, अगदी काठावर.

मग समारंभाचा दिवस. तिकडे मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र शपथ देतात. काकांना बोलता येत नसल्याने त्यांनी नुसता हात वर केला तरी चालेल, असं अधिकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. ज्या बाईंनी काकांची मुलाखत घेतली होती, त्यांची फाइल पाहिली होती, त्याच त्या दिवशी हॉलमध्ये पुढे उभ्या होत्या.

पुढचं मला काकूंनी फोनवर सांगितलं. मी दुपारच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. तो तसाच राहिला.

शपथ झाली. काकांनी हात वर केला, मान हलवली. सगळं नीट पार पडलं. मग राष्ट्रगीत लागलं. सगळे उभेच होते. काकूंना वाटलं, मागच्या रांगेतला कुणीतरी मोठ्या आवाजात म्हणतोय. भारदस्त आवाज, सुरात. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी म्हणत नव्हतं. त्या पुन्हा पुढे वळल्या, आणि मग शेजारी पाहिलं.

माने काका गात होते. शब्दांसकट.

"मला आधी कळेचना, हा कुणाचा आवाज आहे," काकू म्हणाल्या. "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी यांचा गाण्याचा आवाजच ऐकला नव्हता हो."

मुलाला मात्र घाम फुटला. ज्या माणसाला इंग्रजीचा एक शब्द बोलता येत नाही असं लेखी दिलंय, तो माणूस पहिल्याच दिवशी, त्याच अधिकारी बाईंच्या समोर, अख्खं राष्ट्रगीत म्हणतोय. त्याने हळूच वडिलांचा दंड धरला आणि "बाबा, बाबा, पुरे," असं कानात म्हणायला लागला.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"मी त्याचा हात काढून टाकला. म्हटलं, म्हणू दे. काय व्हायचं ते होऊ दे."

काकांनी शेवटपर्यंत म्हटलं. ओठ मिटले आणि नेहमीसारखे गप्प उभे राहिले. त्या अधिकारी बाई सरळ त्यांच्याकडे चालत आल्या. मुलगा खिशातून रिपोर्ट काढायला लागला, पण त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. त्यांनी काकांना विचारलं, "तुमचं नाव काय?"

काकांनी तोंड उघडलं. खूप प्रयत्न केला. मान लाल झाली. शेवटी त्यांनी काकूंकडे बोट केलं आणि काकूंनी नाव सांगितलं.

 त्या बाईंनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला, अभिनंदन केलं आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

मी काकूंवर प्रश्नांचा भडिमार केला. कुठे शिकले? कुणी शिकवलं? घरी कधी म्हटलं होतं? काकूंना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मुलाला वाटतं टीव्हीवर मॅच बघताना ऐकलं असेल. सुनेला वाटतं समोरच्या शाळेतून सकाळी ऐकू येत असेल. पण बोलणं गेल्यानंतर या माणसाला 'पाणी' हा शब्द मी पुन्हा शिकवू शकले नव्हते, आणि त्याने एका परक्या भाषेतलं अख्खं गीत कधी आणि कसं उचललं, हे माझ्याकडच्या कुठल्याही पुस्तकात नाही. डॉक्टर सामींना विचारलं. ते "अजब" म्हणाले आणि दिवसभर अधूनमधून माझ्या खोलीत डोकावून तेच पुन्हा म्हणत राहिले.

"काकू," मी शेवटी विचारलं, "त्यानंतर पुन्हा म्हटलं का त्यांनी?"

"घरी आल्यावर मीच आग्रह केला ना. दुपारी घरात दोघंच होतो. हे खुर्चीत बसलेले, मी पलंगावर. म्हटलं, अहो, सकाळी म्हटलंत ते राष्ट्रगीत परत एकदा म्हणून दाखवा ना. माझ्यासाठी."

"मग?"

"उठून उभे राहिले. शर्ट सरळ केला. पण म्हणेचनात.  मी म्हटलं, काय झालं? तर हाताने मला खूण केली."

"कसली?"

"आधी तू उभी राहा."